जळती गॅसटाकी: आधी घड्याळ बघा, मग पाणी मोजा

कारखान्याच्या अग्निशमन पथकात नवी मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात होज, म्हणजे पाणी मारायचा पाइप, देत नाही. कागदी कप देतो, टपरीवर चहाला मिळतो तसला. कप अर्धा पाण्याने भरायचा, सांडशीत धरायचा आणि बुडाखाली मेणबत्ती लावायची. कप आता पेटेल, मग पेटेल म्हणून सगळे टक लावून बसतात. तो पेटत नाही. बुडाला काजळी धरते, पाणी कोमट होतं, पुढे चांगलं गरम होतं, कप शाबूत. मग मी ज्योत वर सरकवतो, पाण्याच्या रेषेच्या वरती. कागद तपकिरी होतो, काळा पडतो आणि बघता बघता भोक.

हे ज्याने नीट पाहिलं त्याला पुढचं निम्मं समजलं. हा लेख एमआयडीसीत सेफ्टीला नव्याने लागलेल्यांसाठी आहे, हायवेलगतच्या गावांमधल्या आपत्ती पथकांसाठी आहे, आणि हॉटेलामागे चार-सहा सिलिंडर उभे करून ठेवणाऱ्यांसाठीही आहे. प्रत्यक्ष सरावाची जागा कुठलाही लेख घेत नाही. पण सरावाला जाण्याआधी डोक्यात चित्र स्पष्ट असलेलं बरं.

आधी टाकीच्या आत काय चाललंय ते

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. म्हणजे आपल्याकडच्या हवेत दोघांनीही वायू होऊनच राहायला हवं. दाबाखाली कोंडलंय म्हणून ते द्रव राहतात. एक लिटर द्रव मोकळा झाला तर साधारण अडीचशे लिटर वायू होतो.

आता कुकर आठवा. शिट्टी अडकलेली असताना कुणी झाकण ओढून काढलं तर आतलं वरण छतावर जातं. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं, केवळ दाबामुळे उकळत नसतं. दाब गेला की ते सगळंच्या सगळं एकदम उकळतं. पृष्ठभागावर बुडबुडे येत बसायला त्याला वेळच नसतो. गॅसच्या टाकीचं तेच होतं, फक्त कुकर अठरा टनांचा असतो आणि आतला पदार्थ जळणारा असतो.

याला जगभर ‘ब्लेव्ही’ म्हणतात. उकळत्या द्रवाच्या फुगणाऱ्या वाफेचा स्फोट, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या फॅक्टरी म्युच्युअल या विमा-संशोधन संस्थेतल्या तिघांनी हा शब्द काढला, आणि गंमत म्हणजे तो गॅसच्या टाकीवरून काढलेला नाही, फिनॉल-फॉर्मल्डिहाइडच्या एका रिअॅक्टरवरून काढला. सांगायचं कारण असं की या स्फोटाला आग लागतेच असं नाही. वाफेचा बॉयलर असाच फुटतो, न जळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची टाकीही अशीच फुटू शकते. आतला पदार्थ ज्वलनशील असेल तर आगीचा गोळा वर येतो, तो वेगळा.

परत कपाकडे येऊ. टाकीत जिथपर्यंत द्रव आहे तिथपर्यंत बाहेरून ज्वाळा लागली तरी पत्रा फार तापत नाही, कारण द्रव उकळत ती उष्णता खाऊन टाकतो. द्रवाच्या वर नुसती वाफ असते. वाफेला ती उष्णता खेचून घेता येत नाही. तिथला पत्रा काही मिनिटांत ६०० अंशांच्या घरात जातो, आणि त्या तापमानाला साध्या पोलादाची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. पत्रा फुगतो, फुग्यासारखा पातळ होतो, मग उभा चिरतो.

इथे हमखास एक प्रश्न येतो: सर, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना? असतो. तो दाब काबूत ठेवतो. पत्रा गार ठेवणं त्याचं काम नाही. उलट तो जितका वेळ फुसफुसत राहतो तितका आतला द्रव कमी होतो, पातळी खाली येते आणि कोरडा पत्रा वाढत जातो. टाकी ज्या दाबासाठी बनवली त्याच्या आतल्या दाबावरही ती फुटते, कारण टाकीच आता ती राहिलेली नसते. हे एक वाक्य समजायला फ्रान्समध्ये अठरा माणसं गेली.

फेझां, ४ जानेवारी १९६६

लिऑन शहराच्या दक्षिणेला फेझां इथे तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिथे प्रोपेनच्या मोठ्या गोल टाक्या होत्या, आपल्याकडे ज्यांना स्फिअर म्हणतात त्या. टाकीच्या तळाशी थोडं पाणी साचतं, ते अधूनमधून काढावं लागतं. त्यासाठी तळाला एकाखाली एक असे दोन व्हॉल्व्ह. नियम सोपा: वरचा पूर्ण उघडायचा आणि प्रवाह खालच्याने सांभाळायचा. म्हणजे प्रोपेन बाहेर येऊन गारठा धरला तरी तो खालच्या व्हॉल्व्हवर धरतो आणि वरचा बंद करता येतो.

त्या पहाटे क्रम उलटा झाला. सुरुवातीला थेंब थेंब येत होतं, म्हणून वरचा आणखी उघडला. अडकलेला बर्फासारखा खडा सुटला आणि प्रोपेनचा फवारा अंगावर आला. वरचा व्हॉल्व्ह आता गोठून बसला होता. तो काही केल्या बंद होईना.

वायूचा ढग जमिनीलगत सरकत दीडशे-एक मीटरवरच्या रस्त्यांकडे गेला. मोटार महामार्गावरची वाहतूक थांबवण्यात आली होती, पण शेजारच्या लहान रस्त्यावर एक मोटार ढगात शिरली आणि तिच्यापाशी ठिणगी पडली. आग धावत परत टाकीखाली आली. अग्निशमन दल आलं. पाणी कमी होतं, म्हणून त्यांनी शेजारच्या टाक्या गार करायला घेतल्या. ज्या टाकीखाली जाळ होता तिला तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह सांभाळेल, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. व्हॉल्व्ह उघडला, त्याच्या तोंडाशी ज्योत उभी राहिली, म्हणजे यंत्रणा नीट काम करते आहे असंच दिसत होतं. आग लागल्यापासून साधारण दीड तासाने ती टाकी फुटली. मृत अठरा, त्यांतले अकरा अग्निशमन दलाचे जवान.

आज गॅस प्लांटमध्ये तुम्ही जे बघता त्यातलं बरंच फेझांनंतरच्या धड्यांमधून आलंय. टाकीखालची जमीन उताराची असते, गळलेला द्रव टाकीखाली न साचता बाजूला वाहून जावा म्हणून. टाकीच्या पायांना आगरोधक लेप असतो. लांबून बंद करता येणारे व्हॉल्व्ह असतात. आणि नव्या प्लांटमध्ये तर बुलेट, म्हणजे आडव्या लांबट टाक्या, सरळ मातीच्या ढिगाखाली पुरलेल्या असतात, म्हणजे जाळ पत्र्याला लागायलाच नको. ‘एवढी माती कशाला टाकली?’ असं नव्या मुलाने विचारलं की मी त्याला फेझां सांगतो.

पहिली पायरी: लांबूनच वाचा

धावत टाकीजवळ जाऊ नका. टँकरच्या बाजूला आणि मागे धोक्याची माहिती देणारी पाटी असते, तिच्यावर चार आकडी यूएन नंबर असतो. दुर्बीण असेल तर दुर्बिणीने, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून, पण सुरक्षित अंतरावरूनच तो वाचा. १०७५ म्हणजे एलपीजी. १९७८ प्रोपेन, १०७७ प्रोपिलीन, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. शेवटच्या दोन्ही टाक्यांतही दाबाखालचा द्रवच असतो, पण तिथे मोठी भीती विषाची, आणि तो वेगळा धडा आहे.

पाटीवर मदतीचा फोन नंबरही असतो. ड्रायव्हर भेटला तर त्याच्याकडे त्या मालाचं माहितीपत्रक मागा, ते गाडीत ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला विचारा: भरलेला आहे की रिकामा? रिकामा म्हणाला तर सुटकेचा श्वास टाकू नका. रिकाम्या टँकरमध्येही वाफ असते आणि थोडा द्रव उरलेला असतो, आणि त्याचा जवळजवळ सगळा पत्रा कोरडाच असतो.

फोन १०१ किंवा ११२. घरगुती किंवा हॉटेलातली गळती असेल तर १९०६. फोनवर ‘गॅसच्या टँकरला आग’ एवढंच सांगून ठेवू नका. पाटीवरचा नंबर, टाकी उभी आहे की आडवी, आणि ज्वाळा टाकीला लागतेय की नाही, हे तीन सांगा. पलीकडचा माणूस त्यावरून किती बंब काढायचे ते ठरवतो.

दुसरी पायरी: आग आहे की नुसती गळती

या दोन्हींत वागणं अगदी उलटं आहे. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ भांकरोटा इथे यू-टर्न घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकने धडक दिली. टाकी फुटली नाही. नोझल तुटले, वायू मोकळा झाला, हायवेवर पसरला आणि मग पेटला. रस्त्यावर अडकलेली वाहनं आणि त्यांतली माणसं होरपळली. म्हणजे तो ब्लेव्ही नव्हे, ढग पेटण्याचा प्रकार. केरळात कन्नूरजवळ चाला इथे २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री दुभाजकाला धडकलेल्या टँकरचीही सुरुवात गळतीनेच झाली होती. वीस माणसं गेली.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराकडे, गटारात, तळघरात, शेताच्या पाटात शिरतो. पांढरं धुकं दिसतं ते हवेतल्या बाष्पाचं. वायू त्या धुक्याच्या पुढेही पसरलेला असतो, म्हणून धुकं संपलं तिथे आपण सुरक्षित, हा समज जिवावर बेततो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास वायू मिसळला की तो पेटायला तयार असतो.

गळती आहे, आग नाही, तर: गाड्या बंद करायला लावा आणि पुन्हा चालू करू देऊ नका, गाडी तिथेच सोडून माणसं पायी काढा. वाऱ्याच्या दिशेला पाठ नको, तोंड हवं, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध चाला, आणि जमलं तर चढाकडे. वारा कुठून आहे ते कळत नसेल तर मूठभर कोरडी माती उडवून बघा, शेतकरी मळणीला बघतो तसं.

आणि गळतीच्या तोंडाशी ज्योत असेल, व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल, तर ती ज्योत विझवू नका. नव्या माणसाला हे पटायला सगळ्यात जड जातं. जळतोय तोवर तो वायू तुमच्या डोळ्यांसमोर आहे. विझवलात की तोच वायू दिसेनासा होतो, जमिनीलगत पसरतो आणि कुठेतरी लांब एकदम पेटतो. ज्योत टाकीच्या अंगावर येत असेल तर टाकी गार करा आणि ज्योत जळू द्या.

तिसरी पायरी: ज्वाळा कुठे लागतेय

आपल्या घरात सिलिंडरमध्ये किती गॅस उरला ते आई कसं बघायची? ओला फडका सिलिंडरवरून फिरवायचा. वरचा भाग पटकन वाळतो, खालचा ओला राहतो. जिथे ओल टिकते तिथपर्यंत गॅस. आगीतल्या टाकीवर नेमकी हीच रेषा शोधायची असते. बंबाचं पाणी टाकीवर पडतं तेव्हा कुठे ते नुसतं ओघळतं आणि कुठे लगेच वाफ होऊन उडतं, ते बघा. वाफ होतेय तो पत्रा कोरडा आणि तापलेला. ज्वाळा त्या रेषेच्या वर लागत असेल तर पुढचं सगळं घाईचं.

टँकर उलटलेला असेल तर टाकीचा ‘वरचा’ भाग आता वेगळाच आहे हे लक्षात घ्या. रंगवलेल्या पट्ट्यावरून अंदाज बांधू नका. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह खाली गेला असेल तर तो वायूऐवजी द्रव फेकतो, म्हणजे आग कितीतरी पटींनी मोठी.

चौथी पायरी: घड्याळ आणि पाणी

माझ्या मते सगळ्या निर्णयांचा निर्णय इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

पहिला प्रश्न: आग कधी लागली? तुम्ही कधी पोचलात, हा प्रश्न नव्हे. पहिला फोन करणाऱ्याला, धाब्यावरच्या पोऱ्याला, टोलवरच्या माणसाला विचारा आणि ती वेळ हातावर पेनने लिहून ठेवा. टाकीला थेट ज्वाळा लागत असेल तर दहा मिनिटांतही पत्रा जाऊ शकतो, कधी तास-दीड तासही लागतो. दीड तास मिळेल या आशेवर काम करायचं नाही.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या किंगमन गावी ५ जुलै १९७३ रोजी रेल्वेच्या प्रोपेन वॅगनमधून माल उतरवताना आग लागली. दल काही मिनिटांतच पोचलं, कुणी ढिलाई केली नाही. वॅगनवर पाणी मारण्यासाठी लाइन टाकायचं काम चालू होतं, तेवढ्यात, आग लागल्यापासून जेमतेम वीस मिनिटांत, वॅगन फुटली. अकरा जवान आणि कंपनीचा एक कामगार गेला. तयारीतच वेळ संपला.

आता पाणी. ज्वाळा टाकीला जिथे लागते त्या प्रत्येक ठिकाणी मिनिटाला किमान १९०० लिटर पाणी हवं, असा अग्निशमनातला प्रचलित दंडक आहे. हे गणित मी मुलांना फळ्यावर करायला लावतो. आपला बंब धरा ५००० लिटरचा. ५००० भागिले १९००. अडीच मिनिटं आणि वर थोडं. ज्वाळा दोन ठिकाणी लागत असेल तर सव्वा मिनिट. मग पुढचा बंब कुठे आहे? हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळखांब, आहे का? विहीर, कालवा, तळं? तिथून पंप लावून पाणी चालू व्हायला किती मिनिटं?

एका कारखान्याच्या ड्रिलमध्ये मी घड्याळ लावून उभा होतो. होज उलगडणं, जोडणं, पाणी चालू करणं, सगळं मिळून अकरा मिनिटं लागली, त्यातली चार हायड्रंटची चावी शोधण्यात गेली. चावी सापडली सिक्युरिटीच्या ड्रॉवरमध्ये, हजेरीपटाखाली. त्या दिवशी टाकी खरी नव्हती म्हणून सगळे हसले.

म्हणून नियम असा: थेट ज्वाळा लागतेय, आणि अखंड पुरेल असं पाणी पहिल्या काही मिनिटांत टाकीवर पडू शकत नाही, तर पाणी मारायचंच नाही. माणसं काढायची आणि आपणही निघायचं. अर्धवट पाणी मारत उभं राहणं म्हणजे स्फोटाच्या वेळी आपण जवळ असू याची खात्री करणं.

पाचवी पायरी: किती लांब

आगीच्या गोळ्याचा अंदाज काढायचं एक सोपं सूत्र आहे. टाकीतल्या गॅसचं किलोतलं वजन घ्या, त्याचं घनमूळ काढा, ५.८ ने गुणा. आला तो गोळ्याचा व्यास, मीटरमध्ये. साडेसतरा टनांचा टँकर धरला तर १७,५०० चं घनमूळ साधारण २६, म्हणजे गोळा दीडशे मीटरचा. तो जळतो किती वेळ? घनमूळाला ०.४५ ने गुणा: बाराएक सेकंद. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धरला तर गोळा चौदा मीटरचा. तीन खोल्यांच्या घरात चौदा मीटर म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

गोळ्याच्या बाहेरही उष्णतेने माणूस भाजतो. आणि तुकडे त्याहून कितीतरी लांब जातात. मेक्सिको सिटीच्या कडेला सान हुआन इश्वातेपेक इथे १९ नोव्हेंबर १९८४ च्या पहाटे एलपीजीच्या साठ्यात टाक्यांमागून टाक्या फुटल्या. ४८ आडव्या बुलेट आणि सहा स्फिअर होते, भिंतीला लागून दाट वस्ती होती. बुलेट रॉकेटसारख्या उडाल्या, काही बाराशे मीटरपर्यंत. सुमारे पाचशे माणसं मेली. तिथून शिकायची गोष्ट अशी की जळणारी टाकी एकटी आहे का, हे आधी मोजा. शेजारी दुसरी असेल तर पहिलीच्या स्फोटाने काम संपत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या आपत्कालीन हातपुस्तिकेत आगीत सापडलेल्या गॅस टँकरभोवती चारी बाजूंनी १६०० मीटर रिकामे करा असं लिहिलंय. आपल्याकडे हायवेच्या कडेला १६०० मीटर म्हणजे अख्खं गाव, शाळा, आठवडी बाजार. सगळं एकदम निघणार नाही. मग आधी कोण? टाकी दिसते तिथून बघायला जमलेली गर्दी. मोबाइल वर करून उभे असतात ते. त्यांना आधी हलवा, मग जवळची घरं, मग पुढचा पल्ला.

टाकीच्या दोन्ही टोकांच्या रेषेत उभं राहू नका, डिश एंड, म्हणजे टोकांची फुगीर झाकणं, तिकडेच सुटतात. पण बाजूला उभं राहिलं की धोका नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. पत्रा कुठे चिरेल त्यावर तुकडे कुठे जातील ते ठरतं. बाजू म्हणजे फक्त कमी वाईट जागा.

सहावी पायरी: थांबायचं ठरलं तर

पाणी भरपूर आहे, वेळ ताजी आहे, प्रमुखाने हो म्हटलं आहे. मग पाणी टाकीच्या माथ्यावर, कोरड्या पत्र्यावर, सगळ्यात आधी जिथे ज्वाळा चाटतेय तिथे. आगीवर नव्हे, पत्र्यावर. शक्य असेल तर मॉनिटर, म्हणजे एका जागी बसवायची पाण्याची तोफ, लावून सोडून द्या, हाताने नोझल धरून माणूस उभा करू नका. प्लांटमधल्या टाक्यांवर कायमचे स्प्रे असतात, दर चौरस मीटरला मिनिटाला दहाएक लिटरच्या हिशेबाने. ते चालू झाले म्हणून निर्धास्त होऊ नका. एका ठिकाणी फवाऱ्यासारखी ज्वाळा लागत असेल तर तिथे ते पाणी अपुरं पडतं.

एक माणूस फक्त ऐकायला ठेवा. खरंच सांगतो, त्याला दुसरं काही काम देऊ नका. सेफ्टी व्हॉल्व्हचा आवाज चढू लागला, शिट्टीची किंचाळी व्हायला लागली, व्हॉल्व्हवरची ज्योत उंच झाली, रंग फुगून सुटू लागला, पत्र्याचा रंग बदलला किंवा पत्र्यावर फुगवटा दिसला, की त्याने शिट्टी मारायची. शिट्टी वाजली की होज तिथेच टाकून निघायचं. गुंडाळत बसायचं नाही. बंबही सोडायचा. बंब नवीन घेता येतो.

आग नसलेली, पण दुखावलेली टाकी

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या वेव्हर्ली गावात २२ फेब्रुवारी १९७८ ला मालगाडी रुळावरून घसरली. प्रोपेनची वॅगन आडवी पडली, आग नाही. दोन दिवस गेले. हवा गार होती, ती तापू लागली. लोक परत फिरकू लागले, माल दुसऱ्या गाडीत काढायची तयारी चालू होती. २४ तारखेला अपघातात दुखावलेला पत्रा अचानक फाटला. सोळा जण गेले.

म्हणून खड्ड्यात पडलेला, चेपलेला टँकर दिसला तर ‘गळत नाही ना, मग क्रेनने ओढा’ असं म्हणणाऱ्याला थांबवा. तो उचलायचा की आधी रिकामा करायचा, हे तेल कंपनीच्या आपत्कालीन पथकाने ठरवायचं. तोवर रस्ता बंद. लोक शिव्या घालतील, घालू द्या.

आता हॉटेलवाल्यांसाठी

टाकी लहान झाली म्हणून नियम बदलत नाही. १९ किलोच्या सिलिंडरला खालून भट्टीची धग लागत असेल तर तीच गोष्ट. थंडीत गॅस उतरत नाही म्हणून सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणं, आडवा करणं, शेगडीजवळ सरकवणं, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. आडव्या सिलिंडरमधून रेग्युलेटरकडे वायूऐवजी द्रव येतो. उभाच ठेवा, हवेशीर ठेवा, आणि भट्टी व सिलिंडर यांच्या मध्ये भिंत ठेवा.

रेग्युलेटरपाशी लहानशी ज्योत असेल, व्हॉल्व्ह हाताला येत असेल, तर जाड ओलं गोणपाट टाकून व्हॉल्व्ह बंद करा. ज्योत सिलिंडरच्या अंगावर किंवा शेजारच्या सिलिंडरवर येत असेल तर गोणपाट विसरा. गिऱ्हाईक आधी बाहेर, आचारी बाहेर, तुम्ही बाहेर.

आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देतात, तो घेऊ नका. कारण द्रव तापला की फुगतो, दर दहा अंशांना साधारण दोन-तीन टक्के. म्हणून एलपीजीची टाकी ८५ टक्क्यांपर्यंतच भरायची असते, वरची जागा फुगण्यासाठी. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनमध्ये लॉस अल्फाकेस या समुद्रकाठच्या पर्यटक-तळाशेजारून प्रोपिलीनचा टँकर जात होता. १९ टनांच्या टाकीत २३ टनांच्या वर माल होता, आणि टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता. तळावर तंबू आणि गाड्या दाटीने उभ्या होत्या, ऐन सुट्ट्यांचे दिवस. टाकी फुटली आणि दोनशेहून अधिक लोक गेले. कोपऱ्यावरचा दुकानदार ८५ टक्के कशाने मोजतो, ते एकदा त्याला विचारून बघा. मी विचारलं होतं. तो म्हणाला, ‘हाताला जड लागलं की बास.’

सिलिंडर घेताना वजन करून घेताच, त्याच वेळी मान वाकवून वरच्या कड्याच्या पट्टीवर बघा. तिथे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, आणि पुढे तसंच. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर गाडीवरच परत द्या, पोऱ्या कितीही म्हणाला ‘काका, चालतंय’ तरी.